अनेक पायऱ्यांची शाब्दिक उदाहरणे : गणिताच्या अध्यापनातील भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेच्या गणितात 'शाब्दिक उदाहरणे' हा घटक विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटतो, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकास मान्य होईल. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार या क्रिया अंकांत मांडून दिल्या तर जो विद्यार्थी त्या बिनचूक करतो, तोच विद्यार्थी याच क्रिया चार ओळींच्या मजकुरातून आल्या की थबकतो आणि "गुरुजी, यात बेरीज करायची का वजाबाकी?" असे विचारतो. एका क्रियेच्या उदाहरणात हा प्रश्न शिक्षकाच्या एका शब्दाने मिटतो. दोन, तीन किंवा चार क्रियांच्या उदाहरणात मात्र तो मिटत नाही, कारण तेथे कोणती क्रिया करावयाची यापेक्षा कोणत्या राशीवर करावयाची हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

प्रस्तुत लेखक गणिताचा अध्यापक नाही. बिलोलीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणे हे त्याचे काम आहे. या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते एका विद्यार्थिनीमुळे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेल्या सराव प्रश्नसंचातील एक उदाहरण घेऊन ती आली. गणितातले काही विचारावयाचे असते तर ती गणिताच्या प्राध्यापकांकडे गेली असती. तिची शंका अशी होती : "सर, यात 'उरलेल्या' म्हणजे कशातून उरलेल्या?" ही मुलगी आठवडी बाजारात आईबरोबर भाजीच्या दुकानावर बसते आणि दिवसभराचा हिशेब तोंडी करते. तिला वजाबाकी येत नव्हती असे म्हणता येणार नाही. तिची शंका व्याकरणाची होती आणि ती अगदी योग्य ठिकाणी आली होती. तिला उत्तर देताना असे जाणवले की, हीच शंका पाचवीच्या वर्गात विचारण्याची सवय तिला लागली असती तर पुढील सात-आठ वर्षे गणित हा विषय तिला परका राहिला नसता.

अनेक पायऱ्यांच्या शाब्दिक उदाहरणातील मुख्य अडचण मधल्या, नाव नसलेल्या राशींची आहे. त्या राशी ओळखून त्यांना नाव देणे हे भाषेचे काम आहे. आणि आपली प्रचलित अध्यापनपद्धती नेमके हेच काम विद्यार्थ्याच्या हातून काढून घेते, असे प्रतिपादन या निबंधात करावयाचे आहे.

एका उदाहरणाचे वाचन

प्रश्नसंचांत व पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळणाऱ्या धर्तीवर येथे एक उदाहरण मुद्दाम तयार केले आहे. त्यातील भाव केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे.

'एका शेतकऱ्याने १८ क्विंटल सोयाबीन दर क्विंटल ४,२०० रुपये भावाने विकून आलेल्या रकमेतून खताची १२,६०० रुपयांची उधारी चुकती करून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवला, तर घरखर्चासाठी त्याच्याकडे किती रुपये राहिले?'

गणिताच्या दृष्टीने हे उदाहरण कठीण नाही. १८ ला ४,२०० ने गुणल्यास ७५,६०० रुपये येतात. त्यातून १२,६०० वजा केल्यास ६३,००० राहतात. त्याचा तिसरा हिस्सा २१,००० आणि शेवटी उरतात ४२,००० रुपये. चार क्रिया आहेत आणि त्यांपैकी एकही पाचवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाही.

आता हाच मजकूर गद्य म्हणून वाचला असता काय दिसते? 'तर'च्या आधीच्या संपूर्ण भागात 'ठेवला' हे एकच पूर्ण क्रियापद आहे. बाकीच्या सर्व घटना 'विकून', 'आलेल्या', 'चुकती करून', 'उरलेल्या' अशा धातुसाधितांत आटोपल्या आहेत. मराठीचे हे सामर्थ्य आहे. तीन-चार घटना एका वाक्यात ओवण्याची सोय ही धातुसाधिते करून देतात. परंतु उदाहरण सोडवणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचा परिणाम वेगळा होतो. ७५,६०० आणि ६३,००० या दोन राशींवर संपूर्ण उदाहरण उभे आहे. मजकुरात मात्र त्या केवळ 'आलेली रक्कम' आणि 'उरलेली रक्कम' अशा विशेषणांच्या रूपाने येतात. त्यांचे आकडे दिलेले नाहीत, त्यांच्याविषयी प्रश्नही विचारलेला नाही. ज्या आकड्यांना मजकुरात जागा आहे ते १८, ४,२०० आणि १२,६०० एवढेच. मूल साहजिकच या तीन आकड्यांकडे पाहते आणि त्यांचे काय करावयाचे याचा अंदाज बांधू लागते.

येथे होणाऱ्या चुका तपासल्या तर त्या बहुधा वाचनाच्या चुका असल्याचे दिसून येते. 'उरलेल्या रकमेचा' हा शब्दप्रयोग नजरेतून सुटला की मूल ७५,६०० चा तिसरा हिस्सा, म्हणजे २५,२०० काढते आणि त्याचे अंतिम उत्तर ३७,८०० येते. यात गुणाकार, भागाकार, वजाबाकी सर्व बरोबर आहे. फक्त तिसरा हिस्सा चुकीच्या राशीचा घेतला गेला आहे. दुसरे मूल २१,००० वर थांबते, कारण शेवटची क्रिया झाली असे त्याला वाटते. प्रश्न घरखर्चाचा आहे, शिक्षणाच्या रकमेचा नाही, हे त्याने पुन्हा वाचलेले नसते. अशा वह्यांवर तांबड्या शाईने फुली मारून पुन्हा गुणाकार-भागाकाराचा सराव दिला जातो. म्हणजे दुखणे एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार होतो.

वाल्टर किंट्श आणि जेम्स ग्रीनो या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये शाब्दिक उदाहरणांविषयी जी मांडणी केली, ती या संदर्भात उपयुक्त आहे. मूल प्रथम मजकुराचे आकलन करते, त्यातून परिस्थितीचे एक चित्र मनात उभे करते आणि मग त्या चित्रावरून गणिती क्रिया ठरवते, असे त्यांचे म्हणणे आहे. मधले चित्र उभे राहिले नाही तर मूल मजकुरातून थेट क्रियेवर उडी मारते. आपल्या वर्गांत या उडीलाच 'रीत' म्हणून मान्यता मिळाली आहे, ही खरी अडचण होय.

खुणेच्या शब्दांची पद्धत

'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार' असे तक्ते अनेक वर्गांच्या भिंतींवर लावलेले आढळतात. शिकवण्या आणि मार्गदर्शिका तर याच तक्त्यांवर चालतात. या पद्धतीमागचा हेतू चांगला आहे. घाबरलेल्या मुलाला हाती धरावयास काहीतरी मिळावे, असा तो हेतू आहे. परंतु भाषेच्या कसोटीवर ही पद्धत टिकत नाही.

'२४ पेढे ६ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती पेढे मिळाले?' येथे भागाकार आहे. '६ मुलांना प्रत्येकी ४ पेढे दिले, तर किती पेढे लागले?' येथे 'प्रत्येकी' हाच शब्द असून गुणाकार आहे. तुलनेच्या उदाहरणांत तर खुणेचा शब्द सरळ दिशाभूल करतो. 'सलमाकडे ३५ रुपये आहेत. तिच्याकडे राधापेक्षा ८ रुपये जास्त आहेत. तर राधाकडे किती?' या ठिकाणी 'जास्त' शब्द दिसताच बेरीज करणाऱ्या मुलाचे उत्तर ४३ येते; बरोबर उत्तर २७ आहे. लुईस आणि मेयर यांनी १९८७ मध्ये याच प्रकारच्या उदाहरणांचा अभ्यास केला होता. ज्या उदाहरणात तुलनेचा शब्द एक क्रिया सुचवतो आणि परिस्थिती उलट क्रिया मागते, तेथे महाविद्यालयीन विद्यार्थीही उलट क्रिया करून चुकतात, असे त्यांना आढळले. ही सवय वयाबरोबर आपोआप जात नाही, असा याचा अर्थ होतो.

एका क्रियेच्या उदाहरणात खुणेचा शब्द निदान काही वेळा उपयोगी पडतो. अनेक पायऱ्यांच्या उदाहरणात तो कुचकामी ठरतो, कारण तेथे तीन-चार खुणा एकाच वेळी हजर असतात आणि कोणती खूण कोणत्या राशीला लागू आहे हे सांगणारा तक्ता असूच शकत नाही. वर पाहिलेल्या उदाहरणात 'उरलेल्या' हा शब्द वजाबाकी सुचवतो. परंतु तो शब्द स्वतः एका झालेल्या वजाबाकीचे फळ आहे आणि पुढच्या भागाकाराचा आरंभ आहे. हे नाते तक्त्यात बसत नाही, ते वाक्यातच शोधावे लागते.

या पद्धतीचा शेवट कोठे होतो, हे दाखविणारा एक प्रसिद्ध दाखला फ्रान्समधील आहे. ग्रेनोबल येथील गणित-अध्यापन संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतील मुलांना पुढील प्रश्न दिला : 'एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. तर कप्तानाचे वय किती?' ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरूनच कप्तानाचे वय काढले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणावर पुढे स्टेला बारूक यांनी १९८५ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ही मुले मंद होती असे समजण्याचे कारण नाही. शाळेने त्यांना शिकविलेला नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळला : प्रश्नातील आकडे घ्यावेत, त्यांची काहीतरी क्रिया करावी आणि उत्तर लिहावे.

पाठ्यपुस्तकाच्या मांडणीतील दोष

२७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या 'बालभारती'ने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांपर्यंत एकसमान व स्वस्त पाठ्यपुस्तके पोहोचवली, हे तिचे ऋण मान्य करूनच पुढील टीका केली आहे. ही टीका केवळ तिच्याच पुस्तकांना लागू आहे असेही नाही.

पहिला दोष स्थानाचा आहे. शाब्दिक उदाहरणे बहुधा त्या त्या क्रियेच्या प्रकरणाच्या शेवटी येतात. बेरजेच्या प्रकरणाखालील उदाहरणे बेरजेचीच असणार, हे मुलाला ठाऊक असते. त्यामुळे मजकूर न वाचताही उत्तर बरोबर येते आणि 'मला शाब्दिक उदाहरणे येतात' असा मुलाचा व शिक्षकाचाही समज होतो. मिश्र क्रियांची उदाहरणे येतात तेव्हा हा समज एकाएकी कोसळतो.

दुसरा दोष आधाराचा आहे. सोडवून दाखवलेल्या उदाहरणात मधल्या पायऱ्यांची वाक्ये पुस्तकच लिहून देते : 'सोयाबीन विकून आलेली रक्कम', 'उधारी दिल्यावर उरलेली रक्कम' इत्यादी. काही वेळा उदाहरणाचेच (अ), (आ), (इ) असे तुकडे पाडून प्रत्येकाखाली वेगळा प्रश्न दिला जातो. सुरुवातीला हा आधार आवश्यक आहे. परंतु तो हळूहळू कमी होत नाही. सोडवलेल्या उदाहरणात तो पूर्ण असतो आणि पुढच्याच सरावसंचात एकदम नाहीसा होतो. मधला प्रश्न विचारण्याचे काम एकतर पुस्तक करते, नाहीतर कोणीच करत नाही. ते काम मुलाकडे सोपवण्याची पायरी गळून गेली आहे. मुलांना स्वतः उदाहरणे तयार करावयास लावणारे उपक्रम पुस्तकांत असतात, ही समाधानाची बाब होय. परंतु वेळेअभावी शिक्षक प्रथम तेच उपक्रम वगळतात.

परंपरेतील दाखला

शाब्दिक उदाहरण ही पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात व्यापार, व्याज, फळे, पक्षी, प्रवास अशा विषयांवरील उदाहरणांची रेलचेल आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. मराठवाड्याच्या सीमाभागास ती परकी नाही. हाच ग्रंथ पुढे पावुलूरी मल्लन याने तेलुगूत आणला.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) अनेक पायऱ्यांच्या उदाहरणाचा एक उत्तम नमुना आहे. एक यात्रेकरू आपल्याजवळील धनाचा अर्धा भाग प्रयागास देतो. उरलेल्याचे दोन नवमांश काशीस देतो. त्यातून उरलेल्याचा चौथा भाग वाटेत खर्च होतो. जे राहते त्याचे सहा दशांश तो गयेस देतो आणि ६३ निष्क घेऊन घरी परततो. तर निघताना त्याच्याजवळ किती धन होते? उत्तर ५४० निष्क असे आहे. भास्कराचार्यांनी हे उदाहरण इष्टकर्माखाली दिले आहे : आरंभीचे धन १ मानल्यास शेवटी ७/६० उरते, त्यावरून ६३ साठी मूळ धन काढता येते. व्यस्तविधीने, म्हणजे उलट दिशेने चालत गेल्यासही तेच उत्तर मिळते : ६३ हे गयेपूर्वीच्या धनाचे चार दशांश, म्हणून ते धन १५७ १/२, हे वाटखर्चापूर्वीच्या धनाचे तीन चतुर्थांश, म्हणून ते २१०, हे काशीपूर्वीच्या धनाचे सात नवमांश, म्हणून ते २७०, आणि त्याची दुप्पट ५४०.

या उदाहरणाची रचना पाहण्यासारखी आहे. यातही मधल्या राशींचे आकडे दिलेले नाहीत. परंतु प्रत्येक मधल्या राशीला एक स्थान आहे. प्रयाग सोडतानाचे धन, काशी सोडतानाचे धन, गयेस पोहोचतानाचे धन अशी नावे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतात, कारण कथेतील मुक्काम आणि गणितातील पायऱ्या एकच आहेत. 'शेष' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण प्रत्येक वेळी तो कोणत्या मुक्कामावरचा शेष आहे याविषयी संदेह राहत नाही. कथा येथे सजावटीसाठी आलेली नाही. विचार कोणत्या क्रमाने करावयाचा हे ती दाखवते. आपल्या उदाहरणांतील 'एक शेतकरी', 'एक दुकानदार' मात्र पुष्कळदा केवळ आकडे वाहून नेणारे हमाल असतात.

परंपरेच्या गौरवासाठी हा दाखला दिलेला नाही. लीलावतीची पाठांतरावर आधारलेली अध्ययनपद्धती आजच्या वर्गात जशीच्या तशी आणता येणार नाही आणि आणूही नये. चांगल्या उदाहरणात मधल्या राशीला नाव मिळण्याची सोय असते, एवढाच बोध येथे घ्यावयाचा आहे.

बाजारातील हिशेब आणि वर्गातील हिशेब

मुलांना हिशेब येत नाही म्हणून शाब्दिक उदाहरणे येत नाहीत, हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत या मुलांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर होती. त्याच प्रकारची शाब्दिक उदाहरणे बसून सोडवायला दिली तेव्हा ७३.७ टक्के आणि केवळ अंकांची मांडणी दिली तेव्हा ३६.८ टक्के उत्तरे बरोबर आली. अभ्यास लहान होता, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. परंतु क्रम लक्षणीय आहे : परिस्थितीचा अर्थ जितका जवळ, तितकी गणिती क्रिया अचूक. एका मुलाला एका नारळाची किंमत ३५ क्रुझेरो असताना १० नारळांचे किती, असे विचारले होते. त्याने दहाने गुणले नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन मिळून २१०, आणखी तीन मिळून ३१५ आणि एकाचे ३५ असे ३५० त्याने सांगितले. हे अनेक पायऱ्यांचेच उदाहरण त्याने स्वतः रचून सोडवले आणि प्रत्येक मधल्या राशीला 'सहा नारळांचे', 'नऊ नारळांचे' अशी ओळख दिली.

दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारातील गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळतात आणि बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले बाजारातील हिशेबांत अडखळतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे एका ठिकाणचे कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. तेथे पूल बांधावा लागतो आणि शाब्दिक उदाहरण हा त्या पुलासाठी सर्वांत योग्य पाठ आहे.

मराठी समाजात हा पूल एके काळी काही प्रमाणात होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी या पाढ्यांचा संबंध शेर, पायली, आणे यांच्या रोजच्या व्यवहाराशी होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे आली आणि या पाढ्यांचे प्रयोजन संपले. त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. मात्र ते गेल्यानंतर घरचा हिशेब आणि शाळेचे गणित यांना जोडणारे दुसरे काही आपण उभे केले नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

सीमेवरील वर्ग

बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. येथील वर्गात मराठीबरोबर तेलुगू, दखनी उर्दू, लमाणी अशा घरच्या भाषा असणारी मुले एका बाकावर बसतात. तेलुगूत ५३ या संख्येचा उच्चार 'याभै मूडू', म्हणजे आधी पन्नास आणि मग तीन, असा होतो. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन येतात, आणि 'एकोणपन्नास' म्हणताना तर पन्नासातून एक वजा करावा लागतो. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात 'त्रेपन्न'बरोबर 'पन्नास तीन' असे वाचनही देण्यात आले, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले होते. त्या वादात भाषेच्या अस्मितेची चर्चा पुष्कळ झाली. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला संख्येचे नाव हेच एक कोडे वाटू शकते, या मुद्द्याची त्या मानाने कमी झाली.

अनेक पायऱ्यांच्या उदाहरणात हा भार साठत जातो. संख्येचे नाव, 'अनुक्रमे', 'तफावत', 'दर शेकडा' यांसारखे पुस्तकी शब्द आणि त्यावर धातुसाधितांची साखळी. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाची शक्ती येथेच खर्ची पडते. उदाहरणातील विचारापर्यंत ते पोहोचतच नाही. अशा मुलाला 'गणितात कच्चे' ठरवणे हा अन्याय होय.

अध्यापनाची दिशा

यावर उपाय म्हणून उदाहरणांची भाषा सोपी करावी असे सुचवले जाते. लांब वाक्ये तोडावीत हे खरे. परंतु तेवढ्याने भागणार नाही. सर्व उदाहरणे एकेका क्रियेच्या वाक्यांत तोडून दिली तर मुलाला तोडण्याची कला कधीच येणार नाही. पुढे बँकेचा अर्ज, पीकविम्याची माहिती किंवा स्पर्धा परीक्षेचा प्रश्न कोणी तोडून देणार नाही. म्हणून वाक्य तोडण्याचे काम मुलाच्याच हातून व्हावे. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

प्रथम, आकडे झाकून उदाहरण वाचावे. 'एका शेतकऱ्याने काही क्विंटल सोयाबीन काही भावाने विकले' असे वाचल्यावर मुलांनी घडलेली गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या घरच्या भाषेतही, सांगावी. आकडे नसल्यामुळे क्रियेवर उडी मारता येत नाही.

दुसरे, शेवटच्या प्रश्नापासून मागे यावे. 'घरखर्चाला किती राहिले हे सांगायला मला आधी काय कळले पाहिजे?' हा प्रश्न शिक्षकाने काही दिवस विचारावा आणि पुढे मुलांनी एकमेकांना विचारावा. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये सांगितलेल्या चार टप्प्यांपैकी समजून घेणे व योजना आखणे हे पहिले दोन टप्पे येथे साधतात.

तिसरे, मधल्या प्रत्येक राशीला नाव द्यावे आणि ते नाव वहीत आकड्याच्या आधी लिहावे. 'सोयाबीनचे पैसे', 'उधारी फेडून हाती राहिलेले पैसे', 'पोरीच्या शिक्षणाचे पैसे' अशी मुलांची स्वतःची नावे चालतील, नव्हे तीच अधिक उपयोगी आहेत. नावाबरोबर एक पट्टी काढावी. उधारी फेडून राहिलेल्या पैशांच्या पट्टीचे तीन सारखे भाग केले की एक भाग शिक्षणाचा आणि दोन घरखर्चाचे, हे डोळ्यांना दिसते. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून रूढ झालेली पट्ट्यांची पद्धत हीच आहे आणि तिला खडू-फळ्याहून अधिक साहित्य लागत नाही.

चौथे, आलेले उत्तर पुन्हा गोष्टीत ठेवून पाहावे. ४२,००० घरखर्चाचे, २१,००० शिक्षणाचे आणि १२,६०० उधारीचे मिळून ७५,६०० होतात का? जुळले तर उत्तर बरोबर, हे सांगायला शिक्षकाची गरज उरत नाही.

पाचवे, मुलांनी स्वतः उदाहरणे रचावीत. ६३,००० आणि २१,००० हे आकडे देऊन त्यांना जोडणारी गोष्ट लिहावयास सांगितल्यास मूल वाक्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहते. हा तास मराठीच्या शिक्षकानेही घ्यावा. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने बालकाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित-शिक्षणाचे मुख्य ध्येय मानले. भाषा सर्व विषयांतून शिकली जाते ही दृष्टीही त्याच आराखड्याच्या वेळी मांडली गेली. या दोन्हींची गाठ शाब्दिक उदाहरणात पडते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मुलांना मूलभूत क्रियाच येत नसताना भाषेची चर्चा कशासाठी? २०२३ च्या 'असर' पाहणीत २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाच्या मुलामुलींपैकी केवळ ४३.३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सोडवता आले. ही स्थिती गंभीर आहे, यात शंका नाही. परंतु आधी क्रिया पक्क्या करू आणि मग शाब्दिक उदाहरणांकडे वळू, हा क्रमच आपण वर्षानुवर्षे पाळत आलो आहोत. रेसिफेच्या मुलांचा दाखला लक्षात घेता अर्थातून क्रियेकडे जाण्याचा मार्गही तितकाच खुला आहे. दोन्ही एकत्र शिकवावे लागतील.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. एका उदाहरणाला पूर्ण तास दिला तर अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाचा हा प्रश्न रास्त आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, न वाचता सोडवलेल्या वीस उदाहरणांपेक्षा नावे देऊन सोडवलेली दोन उदाहरणे अधिक टिकतात. आणि जो वेळ वाचला असे आपण समजतो तो पुढे महाविद्यालयात आम्हाला भरून द्यावा लागतो.

तिसरा आक्षेप परीक्षेचा आहे. बहुपर्यायी प्रश्नांत पायऱ्यांना गुण नसतात, म्हणून युक्त्या शिकवाव्या लागतात, असे सांगितले जाते. परंतु चांगल्या बहुपर्यायी प्रश्नातील चुकीचे पर्याय हे चुकीच्या वाचनाचेच असतात. वरील उदाहरणाचे पर्याय काढावयाचे झाल्यास २१,००० आणि ३७,८०० हे त्यात असणारच. युक्तीवर विसंबलेला विद्यार्थी नेमका तेथेच फसतो.

समारोप

अनेक पायऱ्यांचे शाब्दिक उदाहरण हे गणिताच्या पुस्तकातील एक छोटे गद्य आहे. ते वाचण्याची जबाबदारी गणिताच्या शिक्षकाने भाषेवर आणि भाषेच्या शिक्षकाने गणितावर ढकलली, त्यामुळे ती कोणीच उचलली नाही. खुणेच्या शब्दांचे तक्ते, क्रियेनुसार बांधलेली प्रकरणे आणि एकाएकी काढून घेतलेला आधार यांमुळे मूल मधली राशी शोधण्याचे काम शिकत नाही. ती राशी शोधून तिला स्वतःचे नाव देणे, हा या निबंधाचा मुख्य आग्रह आहे.

प्रारंभी उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीला 'उरलेल्या म्हणजे कशातून उरलेल्या' याचे उत्तर थेट न देता तिलाच विचारले : "बाजारातून संध्याकाळी घरी जाताना माय आधी काय बाजूला काढते?" ती म्हणाली, "आडत्याचे पैसे. मग गाडीभाडं. राहिले ते आमचे." यानंतर कोणत्याही सूत्राशिवाय तिने ते उदाहरण सोडवले. तिच्याजवळ गणित होते आणि भाषाही होती. दोहोंची भेट घालून देणारा तास तिला शाळेत मिळाला नव्हता. तो तास प्राथमिक वर्गात कसा देता येईल, याचा विचार गणित, भाषा व शिक्षणशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.